दुसरी बाही

स्वेटरला एकच बाही होती, आणि वहिनींच्या डोक्याला तोच एक ताप होता. दुसरी हातानं विणावी तर नक्षी जुळणार नाही. ती नक्षी नवऱ्यानं टीव्हीला जोडायच्या जुन्या कॉम्प्युटरवर काढलेली, आणि तिथून ती वायरीनं विणकामाच्या मशीनमध्ये जायची. नवरा गेला, बाही राहिली. लेक म्हणायची, "आई, नवा घे की विकत!" घ्या! विकतच घ्यायचा होता तर एवढा खटाटोप कशाला केला असता त्या माणसानं?

शेवटी त्यांनी धाकट्या दिराला बोलावलं. भाऊजी टेलिफोनमधून निवृत्त झालेले; वायर दिसली की यांचे हात शिवशिवणार. जुनी केबल उंदरांनी कुरतडली होती, म्हणून येताना त्यांनी नवी आणली, चकचकीत. कॉम्प्युटर सुरू झाला. फ्लॉपी खरखरली आणि पडद्यावर चौकोनी ठिपक्यांची पाखरं उमटली. वहिनींचा जीव भांड्यात पडला. पण मशीन ढिम्म हलेना.

"बिघडलंय वाटतं," वहिनी रडवेल्या झाल्या.

"छे हो! अक्कल गहाण ठेवून सरळ वायर आणली मी. दोघंही एकाच तारेवर बोलतायत, ऐकतंय कोण?"

"म्हणजे तुमच्या दादाचं आणि माझं भांडण."

भाऊजी खो खो हसले. प्लग उघडून त्यांनी दोन तारांची अदलाबदल केली, याचं बोलणं त्याच्या कानात जाईल अशी. तरी सुया भलत्याच पुढे आल्या. कॉम्प्युटरशी बोलण्याचा वेग जुळवणारं मशीनमागचं बटण धूळ पुसताना सरकलं होतं. ते जागेवर आणलं, वहिनींनी सुयांवरून धावणारी मशीनची मूठ इकडून तिकडे सरकवली आणि बाहीची पहिली ओळ विणून झाली.

पुढे काही होईना. पडद्यावर आलं, 'बटण दाबा'. भाऊजींनी कॉम्प्युटरचं बटण दाबलं, दुसरी ओळ झाली. परत तेच. भाऊजी वैतागले आणि प्रोग्रॅम उघडून वाचत बसले.

"वहिनी, ही गंमत बघा. ओळ संपली की मशीन स्वतःच तसं कळवतंय. दादानं ते वाचूनही घेतलंय. आणि तरी बटणासाठी थांबवून ठेवलंय! कशाला?"

"त्याशिवाय जमत नाही म्हणायचे. या मशीनला दुसरं माणूस लागतंच, म्हणायचे."

"दादाला जमत नव्हतं? आपल्या दादाला?"

वहिनींची नजर भाऊजी बसले होते त्या स्टुलावर गेली. थंडीतल्या कितीतरी संध्याकाळी हा माणूस कामावरून आला की स्टूल ओढून बसायचा. ओळ झाली की बटण, आणि मध्ये ऑफिसातल्या साहेबाच्या नकला. वहिनी हसून हसून टाके चुकवायच्या आणि वर त्यालाच रागवायच्या. ती दोन तासांची बैठक मशीनच्या अडेलपणामुळे होते, असंच त्या समजत आल्या होत्या.

"लबाड!" त्या म्हणाल्या. "अहो, किती लबाड माणूस हा!" आणि त्यांना रडू आलं. हसूही येत होतं, त्यामुळे भाऊजींना काय करावं कळेना.

"ती सूचना पुसून टाकू का? मग एकटीनं सबंध बाही विणता येईल तुम्हाला."

"खबरदार हात लावलात तर!" वहिनींनी डोळे पुसले. "उठा तिथून. मूठ तुम्ही सरकवा, बटणाशी मी बसते."

"मी? विणू? बायको पोट धरून हसेल!"

"हसू दे."

वहिनी त्या स्टुलावर पहिल्यांदाच बसल्या. तिथून टीव्हीचा पडदा धड दिसतच नव्हता, मान वाकडी करावी लागत होती. समोर दिसत होता तो मशीनवर बसलेल्या माणसाचा चेहरा, अगदी हातभर अंतरावर.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "इथनं ते मला बघत बसायचे हो."

भाऊजी मुठीवर हात ठेवून थांबले होते. त्यांची ओळ कधीच झाली होती, पण वहिनींनी बराच वेळ बटण दाबलं नाही.