टेकण्यापुरतं वजन

पोटात गाठ सापडली त्या आठवड्यापासून आमचे हे जमिनीला टेकत नाहीत. आधी वीतभर वर उचलले गेले, मग कमरेएवढे. दवाखान्यात भरती केलं तेव्हा मी जुन्या लुगड्याची पट्टी फाडून त्यांचा पाय खाटेला बांधला. "घट्ट नको गं, मुंग्या येतात," एवढंच ते म्हणाले.

वॉर्डात कुणाला काही विशेष वाटलं नाही. आहार ठरवणाऱ्या निमकर मॅडम रोज यायच्या आणि ह्यांच्या टाचेशी भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारायच्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "पाठ ऑपरेशनच्या टेबलाला टेकली तरच डॉक्टर हात लावतील. तीन आठवडे आहेत. अंडी, डाळ, पनीर, दर दोन तासांनी. ऑपरेशननंतरही दुसऱ्या दिवसापासून चमचा चमचा सुरू. टाके दोऱ्यानं घालतात, जखम अन्नानं भरते."

मग काय, मी कंबर कसली. मुगाची धिरडी, अंडापोळी, दाण्याचं कूट घातलेली खीर. हे गुणी बाळासारखे सगळं खायचे आणि चार बोटं खाली यायचे. मंगळवार ते रविवार खाली. सोमवारी पुन्हा पंख्याला डोकं.

तिसऱ्या रविवारी मॅडम रेघांकडे बघत राहिल्या. "सोमवारी घरात उपास कोण करतं?"

"मी," मी ताठ मानेनं सांगितलं. "सोळा सोमवार. ह्यांच्यासाठीच धरलेत. उद्याचा शेवटचा."

"उद्याच ऑपरेशन आहे. तुम्ही जेवत नाही, तेवढं यांच्या अंगातून जातं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "काहीतरीच काय, अहो!"

तेवढ्यात वरून हे हळूच बोलले, "सोमवारी मला भलतीच भूक लागते, इंदू. ती माझी नसते."

"मग बोलला का नाहीत?"

"तू किती मनापासून करतेस."

मला रडूच फुटलं. असा कसा माणूस म्हणायचा हा!

सोमवारी सकाळी ह्यांना उपाशीपोटी आत नेलं. दाराबाहेरच्या बाकावर मी डबा उघडला. वरणभात, वर तूप. पंधरा सोमवार पाण्यात जातील, देव कोपेल, आणि ह्यांचंच काही झालं तर? पहिला घास कसाबसा गिळला. आत टेबल करकरलं.

"पाठ टेकली," आतून कुणीतरी म्हणालं.

मी खात राहिले. तास गेला, दुसरा गेला. डबा संपला, तळ बोटानं पुसून घेतला. दार किलकिलं झालं आणि नर्सनं डोकं बाहेर काढलं.

"आजी, थांबू नका. टाके घालायचे राहिलेत आणि बाबा वर यायला लागलेत."

शेजारी आमच्याच वॉर्डातल्या हमीदाबाई बसल्या होत्या. त्यांचाही भाऊ ह्यांच्यासारखाच तरंगायचा, कालच जमिनीवर उतरला होता. त्यांनी पिशवी चाचपली. "उकडलेलं अंडं आहे. पण तुमचा सोमवार…"

"द्या. मीठ असेल तर तेही द्या."

ह्यांच्यासाठी रोज अंडी केली, पण स्वतः जन्मात अंडं तोंडात घातलं नव्हतं. सोललं. 'माफ कर रे बाबा,' असं देवाला म्हटलं आणि अर्धं खाल्लं.

कान देऊन बसले. टेबल करकरेना.

मी उरलेलं अर्धंही तोंडात कोंबलं.