आठ नंबरचा बिघाड

त्या कारखान्यात एकच रेडिओ बनायचा. त्याचं नाव सात नंबर. एक ते सहाचं काय झालं असं तो बनवणाऱ्या मिस्त्रींना विचारलं, तर ते म्हणत, "शिकत होतो."

सात नंबर घेणारी माणसं मोजकी होती, पण चिवट. तीस वर्षांत अकराशे चाळीस रेडिओ विकले गेले आणि त्यातला एकही भंगारात गेला नाही. लोकांनी घरं बदलली, दात बदलले, एका बाईंनी नवरा बदलला. रेडिओ तोच राहिला. या मंडळींचा एक श्रोता संघही होता. संघाचं मुख्य काम म्हणजे कारखान्याला पत्रं लिहिणं. पत्रांत तक्रार कधीच नसे. रेडिओची खुशाली असे.

पुढे सात नंबरचे सुटे भाग बनवणारे एकेक करून बंद पडले, तेव्हा मालकीणबाईंनी आठ नंबर बनवायचं काम मिस्त्रींच्या मुलीवर सोपवलं. घरात तिला थोरली म्हणत. ती एकुलती एक होती. पण धाकटं कुणी आलंच तर गोंधळ नको, म्हणून आधीच सोय करून ठेवली होती.

अट सरळ होती. संघाच्या तीन पंचांनी आठ नंबर पसंत केला तर कारखाना चालणार, नाही तर जागा गादीवाल्याला गोदामासाठी जाणार. गादीवाला येऊन टेपने भिंती मोजूनही गेला होता. थोरलीच्या टेबलामागची भिंत त्याने दोनदा मोजली.

थोरलीने सात महिने खपून रेडिओ बनवला. आवाज असा, की बातम्या देणाऱ्याने पाण्याचा घोट घेतलेला कळावा. मिस्त्रींनी कान लावून ऐकलं आणि म्हणाले, "छान आहे." तिने ओळखलं. बाबा ज्याला छान म्हणत ते त्यांना आवडलेलं नसे. आवडलेल्या गोष्टीत ते खोट काढत.

पंचांनी आठ नंबरचा एकेक नमुना आठवडाभर घरी नेला आणि तिघेही एकाच दिवशी परत घेऊन आले. पेन्शनीत निघालेले पोस्टमास्तर, न्हावीकाका आणि शिवणकाम करणाऱ्या मावशी. तिघांचे चेहरे पाहुण्यांकडे भांडण करून आल्यासारखे.

"आवाज कसा वाटला, काका?" थोरलीने पोस्टमास्तरांना विचारलं.

"स्वच्छ. नाव ठेवायला जागा नाही." पोस्टमास्तरांनी चष्मा पुसला. "तेच खटकलं."

"मी त्याला मारलं," मावशी एकदम म्हणाल्या.

न्हावीकाकांनी खाली बघत कबुली दिली, "मी पण."

"कुठे?"

"घरीच."

"तसं नाही काका, रेडिओला कुठे?"

"उजव्या गालावर. तळहाताने. आमचा सात नंबर त्याशिवाय ऐकत नाही."

"काहीतरीच!" मावशी म्हणाल्या. "सात नंबरला डोक्यावर टिचकी लागते. बोटात शिवणाचं टोपण घालून."

"दोघंही चुकताय," पोस्टमास्तर म्हणाले. "डावा कोपरा, दोन बोटं, शिक्का मारल्यासारखं. आमच्या वडिलांनी जाताना जवळ बोलावून एवढंच सांगितलं, 'डावा कोपरा.' आम्ही आठवडाभर त्यांच्या ट्रंकेचा डावा कोपरा उचकटत होतो."

सात नंबर म्हणे ऐन रंगात आला की गप्प व्हायचा. मग घरातल्या जाणत्या माणसाने उठून एक ठेवून द्यायची, की पुन्हा सुरू. प्रत्येक घराचा मार वेगळा आणि प्रत्येकाची खात्री, की ती कला फक्त आपल्याच घरात आहे.

"आणि हा तुझा," मावशींनी आठ नंबरकडे बोट दाखवलं, "बंदच पडत नाही. मग घरात आमची गरज काय?"

थोरलीने पंधरा दिवस मागून घेतले.

त्याच दुपारी तिने कपाटातले तीन जुने सात नंबर उघडले. तिन्हींत स्पीकरची तार जोडणारा सोल्डरचा डाग कच्चा होता. एकात असता तर चूक म्हटली असती. तिन्हींत, त्याच जागी, तेवढाच कच्चा! मिस्त्री शेजारच्या टेबलावर एक स्क्रू फार लक्ष देऊन पुसत होते.

"बाबा, हा डाग कच्चा आहे."

"आहे."

"सगळ्यांत?"

"अकराशे चाळीसांत." स्क्रू पुसून झाला होता, तरी ते पुसत राहिले. "पहिल्या चाळीसांत चुकून झालं. डाग देताना कावीळ झाली होती मला. बरा झाल्यावर पुढचे चाळीस पक्के दिले. तर लोक भांडायला आले. शेजाऱ्याचा रेडिओ थापटलं की ऐकतो, आमचाच का नाही? म्हणून मग तेही कच्चे करून दिले आणि पुढे मुद्दाम कच्चाच द्यायला लागलो. पडायचा नाही आणि धरायचाही नाही असा. पक्का डाग कुणीही देईल ग."

"मग मला आधी का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? तीस वर्षं मिस्त्री म्हणवतो आणि डाग कच्चा देतो?" ते पुटपुटले. "मालकीणबाईंनाही ठाऊक नाही."

थोरलीने तो डाग भिंगाखाली धरला. किती तरी वेळ बघत बसली. असं नाजूक काम तिने कॉलेजात, पुस्तकात, कुठेच पाहिलं नव्हतं. बापाचं खाली घातलेलं तोंड पाहून तिला हसू आलं.

"बाबा, खुर्ची इकडे घ्या."

आठ नंबरचे डाग यंत्र देणार होतं, आणि यंत्राला कच्चं काम जमत नाही. म्हणून तिने स्पीकरच्या वाटेत पितळेची एक बारीक पट्टी बसवली. रेडिओ तापला की पट्टी केसभर उचलली जाणार, आवाज बंद. थाप बसली की जागेवर. पहिली पट्टी फारच गरीब निघाली, हात उगारला तरी रेडिओ सुरू व्हायचा. दुसरीला हातोडा लागला. मग मिस्त्रींनी कानस घेतली. घासायचे, थापटायचे, ऐकायचे. तेरावी पट्टी कधी पहिल्या थापेला ऐके, कधी तिसऱ्या.

"हट्टी आहे जरा," मिस्त्री नाक मुरडून म्हणाले. "आणि पेटीचा रंगही मेला भडक आहे."

थोरलीला धन्य वाटलं. बाबांनी खोट काढली होती.

पंच आले त्या दिवशी मालकीणबाई समोर बसल्या. गादीवालाही टेप घेऊन दारात उभा. थोरलीने आठ नंबर लावला आणि सगळे बिघाडाची वाट बघू लागले.

बिघाड होईना.

अर्धा तास झाला. शेतीचे भाव झाले, एक लांबलचक मुलाखत झाली. आठ नंबर खणखणीत वाजत होता. थोरली सात महिने ज्यासाठी झिजली तेच आता डोळ्यांदेखत नीट चाललं होतं, आणि त्यात तिचं वाटोळं होत होतं. मावशींनी पिशवी आवरली. गादीवाल्याने टेपचं टोक भिंतीला लावलं.

"बिघडेल," मिस्त्री शांतपणे म्हणाले. "थंडी आहे. त्याला घाई करू नका."

हवामानाचा अंदाज सुरू झाला. "येत्या चोवीस तासांत सर्वत्र" एवढं बोलून रेडिओ गप्प झाला.

मालकीणबाईंनी टाळी वाजवली आणि मग आपण का वाजवली अशा चेहऱ्याने हात मांडीवर ठेवले. पोस्टमास्तर उठले. डाव्या कोपऱ्यावर दोन बोटं मारली. ढिम्म. मावशींनी पिशवीतून टोपण काढून टिचकी दिली. रेडिओ खरखरला.

"बघा! माझं ओळखतोय!"

"सरका," म्हणत न्हावीकाकांनी बाह्या सारल्या आणि गिऱ्हाइकाची मान वळवावी तसा अंदाज घेऊन उजव्या गालावर एक दिली. "कोरडे हवामान राहील," रेडिओ म्हणाला.

तिघांच्याही चेहऱ्यावर एकच भाव होता: माझ्यामुळे झालं.

"घरचा आहे," पोस्टमास्तरांनी निकाल दिला. "संघाला पसंत." गादीवाल्याच्या हातातली टेप सर्रकन आत गेली.

मालकीणबाईंनी आठ नंबरचा नकाशा मागवला. खाली 'रचना' या रकान्यात थोरलीचं नाव होतं. त्याखाली तिने हाताने आणखी एक रकाना आखला होता: 'बिघाड, पट्टीची उचल पाव मिलिमीटर'. तो रिकामा होता.

"इथे कुणाचं नाव?" मालकीणबाईंनी विचारलं.

थोरलीने पेन बापापुढे धरलं. मिस्त्री उठले, शर्ट खाली ओढून सारखा केला.

"बिघाड माझा आहे," ते म्हणाले. आवाज एवढा मोठा, की बाहेर सायकलला टेप बांधणाऱ्या गादीवाल्यानेही मागे वळून पाहिलं. "पहिल्यापासून सगळे माझेच. बाकीचा रेडिओ मुलीने केलाय."

त्यांनी सावकाश सही केली. मग तिच्या नावावर बोट ठेवून म्हणाले, "तुझं अक्षर फार वाईट आहे."