पाच गाड्यांचा हंगाम

मोटार-शर्यत महासंघाच्या कचेरीत जुन्या शर्यतींच्या नोंदी सांभाळणारी ती एकटीच. त्यामुळे ज्युनियर सिंगल-सीटर मालिकेच्या पन्नाशीनिमित्त सर्किटच्या दाराशी विजेत्यांची भिंत उभारायचं ठरलं, तेव्हा सचिवांनी ते काम सरळ तिच्या गळ्यात घातलं.

एकाच माणसापुरत्या या छोट्या, उघड्या चाकांच्या गाड्यांवर पोरं शर्यत शिकायची आणि मग मोठ्या गाड्यांकडे जायची. पण इतक्या वर्षांत मालिकेचं नाव अनेकदा बदललं होतं, इंजिनं बदलली होती, आयोजकही बदलले होते. नाव बदललं म्हणजे मालिका नवी झाली का? इंजिन बदललं तर? शेवटी तिनं एक कसोटी ठरवली. पाटीवर काही का असेना, बहुतेक चालक आणि नियम ज्या बाजूनं पुढे गेले, ती मूळ मालिका. या कसोटीवर सगळी वर्षं बिनतक्रार जागेवर बसली. एक सोडून.

त्या वर्षी आयोजकांत फाटाफूट झाली होती. बहुतेक चालक तेच नियम घेऊन नव्या आयोजकाकडे गेले, आणि पुढच्या वर्षी महासंघानं मान्यताही त्यालाच दिली. जुन्या आयोजकाच्या हाती उरलं जुनं नाव आणि पाच गाड्या. त्या पाच गाड्यांच्या हंगामाचा विजेता होता तिचा सख्खा भाऊ.

"सर, हे वर्ष दुसऱ्या कुणाला तरी द्या," ती सचिवांना म्हणाली. "त्यात माझा दादा आहे."

सचिवांनी चष्मा काढून पुसला. "दुसरं आहे कोण? आणि नाव तर जुन्याच मालिकेचं होतं ना? घेऊन टाक त्याला. कुणी भांडायला येत नाही."

तिला तेच खुपत होतं. तिनं उलटसुलट विचार करून पाहिला. नाव प्रमाण मानलं तर दादा भिंतीवर येत होता, पण मग नाव बदललेल्या वर्षांचे विजेते भिंतीबाहेर जात होते. अखेर मन घट्ट करून तिनं त्या हंगामापुढे लिहिलं : स्वतंत्र मालिका. आणि हे दादाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून ती स्वतःच त्याच्या गॅरेजमध्ये गेली.

दादा एका उघड्या गिअरबॉक्सवर वाकला होता. तिचं बोलणं संपेपर्यंत त्यानं मान वर केली नाही. मग फडक्यानं एकेक बोट पुसत म्हणाला, "बरोबर आहे तुझं. खरी चुरस पलीकडे होती. मी पाचांत पहिला आलो. एकदा तर दोघांच्या गाड्या सुरूच झाल्या नाहीत, तेव्हा तिघांत." तो हसला. तिला काही हसू आलं नाही.

"मग तू का नाही गेलास पलीकडे?"

"काडी गेला नाही म्हणून."

काडी म्हणजे दादाचा जिवलग मित्र. इतका किडकिडीत, की गाडीचं किमान वजन भरायला त्याच्या सीटखाली शिशाच्या पट्ट्या ठोकाव्या लागत. जेवायला बसला की दादा त्याला म्हणायचा, आणखी दोन घास घे, तेवढंच शिसं वाचेल. त्याच हंगामाच्या शेवटच्या शर्यतीत लांब वळणावर काडीची गाडी कठड्यावर आदळली आणि तो जागीच गेला. तेव्हा ती शाळेत होती. पुढे कित्येक दिवस दादा घरात कुणाशी धड बोलला नव्हता, एवढं तिला आठवत होतं.

"भिंतीशेजारी शर्यतीत गेलेल्यांचा दगड पण लावताय ना?" दादानं विचारलं.

"हो."

"त्यावर काडी आहे?"

दगडावर कोरायचं होतं, 'या मालिकेत प्राण गमावलेले.' आणि तो हंगाम तिनंच मालिकेबाहेर काढला होता.

"मला काढ खुशाल," दादा म्हणाला. "पण त्याला नको काढूस. त्याची आई अजून आहे. काकू फोनवर विचारतात, तो कशात धावत होता रे, नीट सांग एकदा. आता काय सांगू त्यांना? कशातच नाही म्हणून?"

ती समितीपुढे गेली. विजेत्यांच्या यादीला तिनं हात लावला नाही, फक्त दगडावरच्या मजकुरात 'या मालिकेत'ऐवजी 'शर्यतीत' असं करायला सांगितलं. समितीत एक जुने चालक होते. ते म्हणाले, "भिंतीला एक नियम आणि दगडाला दुसरा, हे कसं चालेल?"

"जिंकायला मालिका लागते, सर," ती म्हणाली. "मरायला लागत नाही."

त्या जुन्या चालकानंच खुर्चीत सरसावून बसत म्हटलं, "बदला मजकूर." बंद पडलेल्या इतर मालिकांतली आणखी दोन नावंही त्यामुळे दगडावर आली. त्यांची तोवर कुणी चौकशीही केली नव्हती.

अनावरणाला काकू दादाचा हात धरून आल्या. दगडावरच्या नावावरून त्यांनी सावकाश बोट फिरवलं, अक्षर न् अक्षर. मग भिंतीकडे वळून म्हणाल्या, "आणि तुझं कुठंय रे?"

दादा म्हणाला, "माझं वर्ष यात बसत नाही, काकू."

"जिंकलास की तू. मी होते ना तिथे."

"जिंकलो," दादा म्हणाला, आणि त्यानं त्यांना सावलीत खुर्चीवर बसवलं.

त्या वर्षासमोर ज्याचं नाव कोरलं होतं तो पलीकडचा विजेता भिंतीपाशी नातवंडांसोबत फोटो काढत होता. फोटो होईपर्यंत दादा बाजूला थांबला, मग पुढे होऊन त्यानं त्याचं अभिनंदन केलं.

"आपण त्या वर्षी एकदाही समोरासमोर धावलो नाही," दादा म्हणाला.

त्या माणसानं दादाचा हात लगेच सोडला नाही. "नाही ना," तो म्हणाला. "ते राहूनच गेलं."