सरांची तार

आमच्या प्रयोगशाळेत प्लॅटिनमचं नाव निघालं की सगळे आवाज खाली करून बोलतात. फ्युएल सेलमध्ये हायड्रोजनपासून वीज करायची तर उत्प्रेरक म्हणून तेच लागतं, आणि ते कुणाला परवडत नाही. म्हणून पाच वर्षं मी त्याचे पापुद्रे करत होते, जेमतेम काही अणूंच्या जाडीचे. थोडक्या धातूत जास्त काम, एवढाच माझा प्रबंध. खरी अडचण टिकण्याची. आम्लात बुडवून व्होल्टेज हजारो वेळा वर-खाली केलं की पापुद्रे झिजतात.

माझे झिजले नाहीत. वर-खालीच्या दहा हजार फेऱ्यांनंतर उलट जास्तच जोरात चालायला लागले. तिथंच शंका यायला हवी होती. मी पेढे वाटले.

प्रबंध सोमवारी जमा करायचा होता. शुक्रवारी प्रयोगाचं काचेचं भांडं धुताना पापुद्र्यांसमोर लावलेल्या दुसऱ्या इलेक्ट्रोडची तार हातात आली. टोकाला चांगलीच बारीक झालेली. तीही प्लॅटिनमचीच. माझे गाइड चन्नवीर सर यांनी माझ्या सुरुवातीच्या आकड्यांवर खूश होऊन स्वतःच्या पैशातून आणलेली. "ती ग्रॅफाइटची कांडी ठेव बाजूला, चांगलं ते वापर की," म्हणाले होते. झिजत होती ती तार. तिचंच प्लॅटिनम विरघळून माझ्या पापुद्र्यांवर बसत होतं.

ग्रॅफाइटची कांडी परत लावून नवे पापुद्रे तपासले. शनिवारी दुपारी, दोन हजार फेऱ्यांतच त्यांनी मान टाकली. मी आकडा वहीत लिहिला, हात धुतले, डबा खाल्ला. वाईट वाटेल म्हणून थोडा वेळ थांबले. काहीच वाटलं नाही.

संध्याकाळी तार घेऊन सरांकडे गेले. त्यांनी ती उजेडात धरली. चष्मा काढून पुन्हा पाहिली.

"कुणाला बोललीस?"

"नाही, सर."

सर आता मला गप्प बस म्हणणार, असं वाटलं. खरं सांगते, मी बसलेही असते. सरांनी कॉम्प्युटर सुरू केला आणि त्याच आकड्यांवरचा, छापायला स्वीकारलेला आमचा शोधनिबंध मागे घेत असल्याचं पत्र लिहिलं. तार मी दिली, चूक माझी, असंही त्यात घातलं.

"वर्ष जाईल, चैताली."

"हो, सर."

फेलोशिप दोन महिन्यांत संपत होती. ते दोघांनाही ठाऊक होतं.

घरी आई भाकऱ्या थापत होती. गल्लीत तिनं मला केव्हाच डॉक्टरीण करून टाकलं होतं. जेवता जेवता मी तिला सगळं सांगितलं, दुसऱ्या कुणाचं तरी सांगावं तसं.

"म्हंजी तुजं काम झालंच न्हाय?"

"झालं, पण टिकलं नाही. दोन हजार फेऱ्यांत संपलं. ते दहा हजार तारेमुळं होते."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

"मंग दोन हजार तर तुजे हायत की."

दोन दिवसांत पहिल्यांदा मला रडू फुटलं.