बाहेर समुद्र, आत कोरडं

मित्रांनो, मी पाण्याचा एक जुना कण आहे. थेंब नाही हं. थेंब म्हणजे केवढी मोठी गर्दी, माझ्यासारखे त्यात इतके मावतात की मोजायला बसलात तर तिथेच म्हातारे व्हाल. मी त्या गर्दीतला एकटा. एक ऑक्सिजन, दोन हायड्रोजन, एवढाच माझा संसार. हायड्रोजन म्हणजे माझे दोन हात समजा. हे हात लक्षात ठेवा बरं का, पुढची सगळी गोष्ट या हातांचीच आहे.

मी कधी जन्मलो ते मला आठवत नाही. ढगात राहिलोय, हिमनदीत अडकून पडलोय, एकदा तर किटलीच्या चोचीतून शिट्टी मारत बाहेर पडलोय. पण ते सगळं सांगत बसलो तर मुद्दा राहून जाईल. मला सांगायचंय ते माझ्या नोकरीबद्दल. हो, मला नोकरी होती. आणि साधीसुधी नव्हती.

झालं असं की एका रंगाऱ्यानं मला पेल्यातून गटागटा पिऊन टाकलं. रक्तातून गरागरा फिरत मी पोचलो त्याच्या छातीत, श्वासनळीला वेढून बसलेल्या स्नायूच्या एका पेशीपाशी. त्या पेशीच्या कातडीत एक दार होतं. शास्त्रज्ञ त्याला रिसेप्टर म्हणतात, मी आपलं दार म्हणतो. गंमत म्हणजे या दारातून कुणी आत येत नाही, फक्त निरोप आत जातो. सात पिळदार खांब गोल करून उभे, वरच्या टोकाला औषधाला बसायला खळगी, आणि मधल्या पोकळीत, वरपासून खालपर्यंत, आम्ही. पाण्याचे मोजके कण. मला तिथे एक जागा मिळाली आणि मी ऐटीत बसलो. एक हात वरच्या कणाला दिला, दुसरा शेजारच्या खांबाला.

त्या दिवशी रंगारी शिडीवर चढून जुना रंग खरवडत होता. धूळ उडाली आणि त्याची छाती शिट्ट्या मारायला लागली. स्नायू आवळले, श्वास अडकला. त्याची बायको त्याच्याबरोबरच कामाला असायची, ती खाली शिडी धरून उभी होती. तिनं पदराच्या गाठीतून दम्याचा पंप काढून वर दिला आणि म्हणाली, "आधी हे ओढ, मग भिंत बघ."

औषध आलं आणि खळगीत बसलं. वरचा खांब केसभर हलला. पण मित्रांनो, खळगी वर आणि निरोप द्यायचाय पार तळाशी. मधे कोण? आम्ही. माझ्या वरच्यानं एक हात सोडला, दुसरा धरला, मला ढकललं, मी माझा हात सोडून खालच्याचा धरला, त्यानं त्याच्या खालच्याचा. आग लागल्यावर माणसं रांग करून बादल्या पुढे देतात ना, अगदी तसं. रांग जुळली आणि तळाचा खांब बाहेर सरकला. खाली वाट बघत बसलेला पुढचा गडी खडबडून उठला आणि निरोप घेऊन पळाला. स्नायू सैल पडले. रंगाऱ्यानं असा लांबलचक श्वास घेतला की शिडीसुद्धा हलली.

सगळ्यांनी पंपाचं कौतुक केलं. औषधाचं केलं. बायकोचं फारसं कुणी केलं नाही, खरं तर करायला हवं होतं. आणि आमचं तर नावही कुणी काढलं नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. काम फत्ते झालं होतं. मी उठलो, माझ्या जागेवर दुसरा बसला, आमच्यात हे चालूच असतं. मग त्याच्या उच्छ्वासाबरोबर बाहेर पडून मी खिडकीच्या काचेवर जाऊन बसलो.

बऱ्याच भटकंतीनंतर मी एका प्रयोगशाळेच्या नळाला आलो. तिथे एका काचेच्या चंबूत पेशी वाढवत होते, आणि त्या पेशींवर तेच दार. तीच पोकळी, तीच जागा. मी धावत जाऊन बसलो. पण या वेळी काम नव्हतं, फोटो होता. ती दारं पेशींतून सोडवली, धुतली, त्यांचा साखरेच्या कणीसारखा स्फटिक केला, गोठवला आणि त्यावर क्ष-किरण सोडले.

आता हा फोटो एकट्याचा नसतो बरं का. स्फटिकात असंख्य दारं एका ओळीत उभी असतात, आणि प्रत्येकात माझ्या जागेवर माझ्यासारखाच कुणी बसलेला. सगळ्यांचा मिळून कॉम्प्युटरवर एक लाल ठिपका दिसतो. पण मी त्याला माझाच फोटो म्हणतो. वर्गाच्या फोटोत तुम्ही तरी आधी कुणाला शोधता?

फोटो झाल्यावर आमचा स्फटिक द्रव नायट्रोजनच्या टाकीत ठेवला. टाकी होती कॉम्प्युटरच्या खोलीच्या कोपऱ्यात, छत्र्यांच्या शेजारी. तिचं झाकण जरा सैल होतं, त्यामुळे खोलीतलं सगळं बोलणं मला ऐकू यायचं आणि फटीतून पडदाही दिसायचा.

त्या खोलीत काम करायची ती ताई. तिचा धाकटा भाऊ रोज संध्याकाळी स्पीकरफोनवर तिला ताई म्हणायचा, म्हणून मीही म्हणायला लागलो. भाऊ बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचा. पाठीवर ट्रंपेट, खिशात पंप. लहानपणापासूनचा दमा. हल्ली तो पंपाला पूर्वीसारखी दाद देत नव्हता, लांब सूर मधेच तुटायचे. तो हे कधी सरळ सांगायचा नाही, फक्त विचारायचा, "ताई, तुझं दार उघडलं का?" ती म्हणायची, नाही रे. मग तो म्हणायचा की कडीला तेल घाल, नाहीतर मी येऊन लाथ मारतो. दोघं हसायची. फोन ठेवल्यावर ताई हसत नसे.

ताईनं हा विषय घेतला होता तोच भावापायी. दार नक्की कसं उघडतं ते कॉम्प्युटरवर बघायचं, म्हणजे त्याला नीट उघडणारं नवं औषध शोधता येईल. पण तिचं दार काही उघडत नव्हतं. औषध खळगीत ठेवून झालं, दुसरं औषध ठेवून झालं, मीठ कमीजास्त करून झालं. वरचा खांब हलायचा आणि तळ ढिम्म.

का? मला माहीत होतं. टाकीत बसून मी जीव तोडून ओरडत होतो. पण गोठलेल्याचं कोण ऐकतं?

त्या खोलीची एक पद्धत होती. कुठलंही दार कॉम्प्युटरवर घ्यायचं म्हणजे आधी झाडू मारायचा. झाडू हे एका छोट्याशा प्रोग्रॅमचं नाव. बटण दाबलं की फोटोतले सगळे लाल ठिपके साफ. हा झाडू बनवला होता तिथल्या एका सीनियरनं, त्याला सगळे इस्त्री म्हणायचे, कारण त्याच्या शर्टाला कधी चुणी नसायची आणि त्याच्या चित्रांनाही. तसा भला माणूस होता. दाराच्या बाहेर चिकटलेले बरेचसे लाल ठिपके खरंच फालतू असतात, फोटोतले डाग म्हणा ना. ते काढायला त्यानं झाडू केला. पुढे जो येईल त्याला पहिल्या दिवशी चहाचं मशीन दाखवायचे आणि झाडू द्यायचे. आत काय आहे ते बघायची कुणालाच सवय राहिली नाही.

म्हणजे बघा हं. ताई आधी आम्हाला झाडून बाहेर काढायची. मग त्या रिकाम्या दाराभोवती कॉम्प्युटरातलं पाणी ओतायची, हंडेच्या हंडे. बाहेर समुद्र, आत कोरडं. आणि पोकळी इतकी खोल की बाहेरच्या पाण्याला तिथवर पोचायला सवड मिळायच्या आतच खांब एकमेकांना टेकून चिकटून बसायचे. मग दार उघडणार कसं? निरोप वरून निघतोय आणि मधे हात धरायला कुणीच नाही.

शेवटी मॅडमनी, म्हणजे ताईच्या गाईडनी, तिला बोलावून सांगितलं. रागावून नाही, समजुतीनंच. येत्या बैठकीपर्यंत दार उघडलं नाही तर हा विषय सोडून दे, मी तुला दुसरा देते, तुझी वर्षं वाया जायला नकोत. ताई मान हलवून आली. त्या संध्याकाळी भावाचा फोन तिनं उचललाच नाही. टाकीत मला बर्फाहून गार वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती बैठकीसाठी चित्रं करायला बसली. आता विषयाला निरोप द्यायचीच बैठक, तर निदान शेवटचं चित्र तरी लाल ठिपक्यांसकट देखणं असू दे, म्हणून तिनं झाडलेली फाइल न घेता मूळ फोटोच उघडला. आणि थांबली. दार हळूहळू गोल फिरवलं. बाहेरचे ठिपके मिटवले, पुढचे दोन खांब अर्धे पारदर्शक केले. आत आम्ही दिसलो. वरून खाली, एकाखाली एक, लाल लाल.

इस्त्री मागून चहा घेऊन जात होता. त्यानं वाकून बघितलं आणि म्हणाला, "अगं, कचरा राहिलाय. झाडू मार की."

"कचरा असता तर असा रांगेत उभा राहिला असता का?" ताई म्हणाली.

इस्त्री हसला. म्हणाला की रांगेत तर कँटीनमधेही माणसं उभी असतात, म्हणून सगळीच कामाची असतात असं नाही. पण चहा घेऊन तो पुढे गेला नाही, तिथेच खुर्ची ओढून बसला.

मग ताईनं एकेक ठिपका तपासायला घेतला. याचा फोटो स्पष्ट आहे का, याचा हात कुणाला पोचतो, खांबाला की शेजाऱ्याला. जे लटकत होते, कुणाशीच जोडलेले नव्हते, ते तिनं काढले. माझ्यावर आली तेव्हा मी श्वास रोखला. मला श्वास नसतो, पण रोखला. तिनं मोजपट्टी लावली. वरच्या कणापर्यंत अंतर बरोबर. खांबापर्यंत बरोबर.

"ज्याचा हात कुणाच्या तरी हातात आहे, तो राहणार," ती स्वतःशीच म्हणाली.

मित्रांनो, एवढ्या मोठ्या आयुष्यात माझ्याबद्दल कुणी असं बोललं नव्हतं.

पण अजून अडचण होतीच. मोठ्या कॉम्प्युटरवर ताईची एकच पाळी उरली होती, आणि त्यावर ठरलेलं कोरडंच दार चढवायचं होतं. ती मॅडमकडे गेली. इस्त्री तिच्या मागोमाग गेला. मॅडमच्या खोलीचं दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू आलं. मॅडमनी चित्र बराच वेळ बघितलं. मग इस्त्रीला विचारलं की तुझा झाडू आतलं आणि बाहेरचं वेगळं ओळखतो का. तो हळूच म्हणाला, नाही. मग मॅडम म्हणाल्या, "त्याला एकट्याला काय बोलायचं, माझ्या हातानंही मी कितीदा मारलाय हा झाडू. ही पाळी घे. ओलं दार चढव."

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले म्हणून सांगू. कॉम्प्युटर नुसता घुमत होता. ताई येऊन बघायची, जायची, परत यायची. औषध खळगीत बसलं. वरचा खांब हलला. मग तेच नेहमीचं, म्हणजे काही न होणं. मला तर वाटलं, गेलं सगळं. आणि एका सकाळी ताईनं पडदा बघितला आणि मागे सरून खुर्चीला धरून उभी राहिली. पडद्यावर माझ्या ठिपक्यानं एक हात सोडला होता आणि खालच्याचा धरला होता. त्यानं त्याच्या खालच्याचा. तळाचा खांब बाहेर झुकला होता. पुरता नाही. पण झुकला होता.

बैठकीत मॅडमनी कोरडं आणि ओलं, दोन्ही दारं शेजारी शेजारी दाखवायला लावली. एक ढिम्म, एक हललेलं. मग म्हणाल्या की हे परत परत करून बघायला लागेल, औषध तर अजून फार लांब आहे, पण विषय सोडायचा नाही. एवढंच. टाळ्याबिळ्या नाहीत. इस्त्रीनं मात्र झाडू दुरुस्त केला. आता बटण दाबलं की तो आधी थांबतो आणि पडद्यावर विचारतो: आत कोण बसलंय ते बघितलं का?

संध्याकाळी भावाचा फोन आला. त्यानं नेहमीचंच विचारलं.

"किलकिलं झालंय," ताई म्हणाली.

त्याला लाथेचा विनोद सुचला नाही. पलीकडे खुडबुड ऐकू आली, पंप ओढल्याचा आवाज आला, आणि मग ट्रंपेटचा एकच सूर. मधे थोडा थरथरला, पण तुटला नाही. टाकीच्या सैल झाकणातून तो आत आला, आणि गोठलेल्याला जेवढं हलता येतं तेवढे आम्ही सगळे हललो. त्या वेळी त्याच्या छातीतही माझ्यासारखेच कुणी कण एकमेकांना हात देत होते. त्यांनाही कुणी बघत नव्हतं.

मित्रांनो, आमच्या स्फटिकाला आता तडे गेलेत. एखाद्या दिवशी तो बाहेर काढतील, मी वितळेन आणि बेसिनमधून वाहून जाईन. त्याचं दुःख नाही, मला भटकायची सवय आहे. माझं मागणं एवढंच आहे. कुठलीही खोली, कुठलंही काम, कुठलाही घोळका झाडून साफ करायला निघालात, तर जरूर करा, कचरा असतोच. पण जो कोपऱ्यात गप्प बसलाय, त्याचा हात कुणाच्या हातात आहे, तेवढं आधी वाकून बघा.