एका कानाचा गिनीपिग

इक्वेडोरमधल्या ओटावालो गावाच्या वरच्या वस्तीत मेल्चोरबाबाच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. बाबाने नऊ वर्षांच्या सिसाच्या अंगावरून काळा गिनीपिग फिरवला, खांद्यावरून पांघरलेल्या पोंचोखाली नेला, काहीतरी पुटपुटला आणि बाहेर काढला. आता गिनीपिगला डावा कान नव्हता. सिसालाही जन्मापासून डावा कान नव्हता. तिथे नुसता शेंगदाण्याएवढा मांसाचा गोळा होता.

"व्यंग जनावरात उतरलं," बाबा म्हणाला. "आता कानाला कोंब फुटेल. पण डॉक्टरची सुरी लागली की कोंब जळाला म्हणून समजा."

गर्दीने छातीवर क्रूस काढले. शाळेत शिकवणाऱ्या तार्गेलियाच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. सिसा तिची भाची. तीन वर्षं राजधानी कीटोच्या इस्पितळात खेटे घालून तिने ऑपरेशनची तारीख मिळवली होती, येत्या गुरुवारची. बरगडीजवळची कूर्चा कोरून डॉक्टर सिसाचा कान घडवणार होते. ही तारीख हुकली की पुन्हा रांगेच्या शेपटाला.

"ताई, आम्ही नाही येत गुरुवारी," सिसाची आई झोइला म्हणाली. "पोटुशी असताना मी इंद्रधनुष्य पाहिलं, ते पोर भोगतेय. बाबा उतरवतोय तर उतरवू दे."

"इंद्रधनुष्य अख्ख्या वस्तीने पाहिलं होतं. बाकीच्या पोरांचे कान शाबूत कसे?"

"तू शिकलेली. तुझ्याशी कोण बोलणार?"

तार्गेलियाने कपाळाला हात लावला. उपचाराला जनावर रोग्याच्याच घरचं लागतं. सकाळी झोइलानेच चुलीपाशी पाळलेल्यांतलं एक आणून दिलं होतं. तार्गेलियाने बाबाच्या हातातला गिनीपिग उचलला आणि उलटा करून बहिणीपुढे धरला.

"तू नर दिला होतास?"

"छे, मादी. गाभण आहे, आठवड्यात व्यायची." झोइलाने उलट्या धरलेल्या जनावराकडे पाहिलं. लहानपणापासून गिनीपिग पाळणाऱ्या बाईला एक नजर पुरली; हा नर होता. कान तुटल्याचा वणही जुना, केस उगवलेला होता.

"शक्तीपुढे नराची मादी होते, मादीचा नर होतो," बाबा म्हणाला.

"आणि पोटातली पिल्लं?" मागून एका म्हातारीने विचारलं. बाया हसल्या.

झोइलाने बाबाचा पोंचो वर केला. आतल्या झोळीत तिची गाभण मादी दोन्ही कानांनिशी गवत चघळत बसली होती.

"तरी बाबाच्या हाताला गुण आहे हो," कुणीतरी म्हणालंच.

"कसला गुण?" तार्गेलिया चिडून म्हणाली. "कान इंद्रधनुष्याने जात नाही आणि मंत्राने उगवत नाही. पोटात घडताना तो अपुरा राहतो, त्यात आईचा दोष नसतो. चमत्कार दाखवणाऱ्याला आधी पोंचो काढायला सांगत जा."

घरी जाताना झोइला मादीला छातीशी धरून चालत होती. फाट्यावर ती थांबली.

"म्हणजे माझ्यामुळे नाही झालं?"

"नाही."

"नऊ वर्षांत कुणी सांगितलं नाही गं."

तार्गेलियाने शंभरदा सांगितलं होतं. तिने ते शब्द गिळले.

"गुरुवारी पहाटे पाचची बस आहे," ती म्हणाली.