उत्तरेकडचं दार

रिबेकाने चाकाचा ब्रेक खटकन ओढला, पण तोवर पायऱ्यांपाशी जमलेल्या चौघांनी तिला खुर्चीसकट वीतभर उचललं होतं. मांडीवरची भाताची पेंढी घसरली. तिने एका हाताने ती छातीशी आवळली आणि दुसऱ्या हाताने जवळच्या माणसाच्या मनगटावर फटका मारला.

"हात नका लावा! खाले ठेवा माले. मन्ही मी जास."

चौघांचे चेहरे पडले. भलं करायला निघालेल्या माणसाला नको म्हटलं की त्याचा फार अपमान होतो. त्यांनी खुर्ची ठेवली, म्हणजे जवळजवळ आपटलीच, आणि ते हात झटकत पायऱ्या चढून गेले.

नवापूरच्या डोंगरातलं हे दगडी चर्च बघायला पार सुरतेहून माणसं येतात. त्या उंच पायऱ्यांवर बसून फोटो काढतात. शंभर वर्षांत एकही दगड हलला नाही, असं पंच अभिमानाने सांगतात. उतार करा म्हणून रिबेकाने दोनदा विनवलं, तेव्हाही हेच ऐकवलं होतं. जुनी वास्तू, तिची शोभा जाईल. शोभेपुढे रिबेकाचं काय चालणार?

आज हंगामाचा सण होता. या दिवशी पंच एकेका घराचं नाव पुकारतात आणि घरकर्त्याने 'हजर' म्हणून पहिल्या पिकाची पेंढी स्वतःच्या हाताने वेदीपुढे ठेवायची असते. ऊसतोडीच्या ट्रॉलीतून पडून रिबेकाचे पाय गेले, तरी बापामागे शेत तीच कसत होती. बूड घासत लावणी तिने केली, निंदणी तिने केली. गेल्या वर्षी मात्र तिला असंच उचलून नेऊन भिंतीकडेला ठेवलं. नाव पुकारलं गेलं 'दानियलचं घर', आणि दानियल, तिचा धाकटा भाऊ, तिच्या मांडीवरची पेंढी उचलून पुढे गेला. वर बाहेरगावच्या उपदेशकाने तिच्या डोक्यावर हात ठेवून, ती चालायला लागावी म्हणून मोठ्याने प्रार्थना केली. सगळं चर्च माना वळवून बघत राहिलं. ती उठली नाही, तेव्हा लोकांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिचाच विश्वास कमी पडला. ते आठवलं की अजून तिची कानशिलं तापत.

"ताई, उचलू दे ना," दानियल खालच्या आवाजात म्हणाला. "लोकं देखी ऱ्हायनात."

"देखू दे."

थोरले पंच सुरुपसिंग वरच्या पायरीवर उभे होते. उजवा गुडघा कामातून गेल्यापासून ते काठी टेकत एकेक पायरी आडवे होऊन चढत आणि कुणी हात पुढे केला की डोळे वटारत.

"काका, उत्तरेकडचं दार उघडा," रिबेका म्हणाली. "तठे पायऱ्या नहीत."

सुरुपसिंग पंच म्हणून बोलत तेव्हा शाळेतल्यासारखं मराठी बोलत. "ते दार मयतीचं आहे, मुली. सणाच्या दिवशी उघडत नाहीत. जिवंत माणूस त्या दाराने आत येत नाही."

"मी येयेल शे. मन्हा बापनी पेटीमांगे."

ते खरं होतं. शवपेटीची चाकाची गाडी सरळ आत जावी म्हणून बांधणाऱ्यांनीच तिथे दगडी उतार केला होता. उंबराही ठेवला नव्हता. बापाच्या मयतीच्या दिवशी रडारडीत कुणाला तिला उचलायचं सुचलं नाही, आणि ती बापामागून आपली आपण आत गेली होती.

"मेलेल्यासाठी उतार चालस, काका. तवय शोभा नही जात?"

सुरुपसिंग पाठ फिरवून आत गेले. घंटा झाली. दानियल क्षणभर घुटमळला आणि तोही गेला. रिबेकाने पेंढी ओढणीने मांडीला बांधली, चर्चला वळसा घातला आणि बंद दारासमोर जाऊन थांबली. आत गाणं सुरू झालं. रागाने तिचे डोळे भरून आले, आणि डोळे भरले याचाही तिला राग आला.

मग आतून कडी वाजली. दार करकरत उघडलं. मोगराबाई उभी होती, पाठीतून वाकलेली म्हातारी.

"ये पोरी. पंच वरडतीन, वरडू दे. माले तं आज नही ते उद्या याच दारथून येनं शे."

रिबेका उतार चढली. चाकं दगडावर खडखडली तसं गाणं एका बाजूने विस्कटलं. कुणीतरी छातीवर हात ठेवला. ती मधल्या वाटेच्या तोंडाशी जाऊन थांबली.

सुरुपसिंग तोंडपाठ नावं पुकारत होते. "दानियलचं घर."

दानियल आपल्या बुटांकडे बघत बसून राहिला. सुरुपसिंगांनी पुन्हा पुकारलं. तो मान वर करीना. सुरुपसिंगांची नजर मधल्या वाटेच्या तोंडाशी गेली.

"रिबेकाचं घर," शेवटी ते म्हणाले.

"हजर."

ती पुढे गेली. ओढणीची गाठ सुटता सुटेना, पण मदतीला कुणी उठलं नाही. पेंढी तिने स्वतःच ठेवली.

उपासना संपल्यावर ती त्याच दाराने निघाली. उताराच्या तोंडाशी मागे काठीचा आवाज आला. लोक पुढच्या पायऱ्यांनी उतरत होते. सुरुपसिंग मात्र इकडे आले होते, कडी लावायला. कडीवर हात ठेवून ते उताराकडे बघत राहिले. मग त्यांनी काठी पुढे उतारावर टेकवली.

रिबेका वाटेतून हलली नाही. मघाचा राग अजून उतरला नव्हता.

"चार जनंसले हाक मारू का, काका? उचलतीन तुमले."

सुरुपसिंगांचा चेहरा ताठ झाला. ओठ हलले, पण पंचाचं मराठी काही बाहेर आलं नाही.

"नको," ते म्हणाले. "मन्हा मी उतरस."

रिबेकाने ब्रेक सोडला आणि खुर्ची बाजूला घेतली.